छोट्या छेदाचा हृदयोपचार आणि त्यानंतरचे सहा आठवडे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



हृदयरोगाचे नाव निघाले की मागील पिढीच्या डोळ्यांपुढे छातीवरची उभी चीर, महिनाभराचे अंथरूण आणि घरभर पसरलेली काळजी उभी राहत असे. आज ते चित्र पालटले आहे. मनगटातील किंवा जांघेतील रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकते, अडलेली धमनी फुग्याने उघडली जाते, तेथे स्टेंट बसतो आणि बहुतेक रुग्ण दोन-चार दिवसांत घरी परततात. पेसमेकर बसवण्यासाठी गळ्याच्या हाडाखाली लहानसा छेद पुरतो. सांधेवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप फुग्याने मोकळी करता येते. जन्मतः हृदयाच्या पडद्याला असलेले छिद्र छत्रीसारख्या साधनाने बुजवता येते. ठोक्यांची लय बिघडवणारी जागा उष्णतेने किंवा अतिशीत तापमानाने निकामी करता येते आणि वृद्धांची महाधमनीची झडपही पुष्कळदा छाती न उघडता बदलता येते.

ही प्रगती मानवजातीवरील मोठा उपकार आहे. तथापि तिच्या सुलभतेमुळे एक गैरसमजही रुजला आहे. छेद लहान, म्हणून उपचारही लहान, आणि रुग्ण घरी आला म्हणजे आजार संपला, असे सर्रास मानले जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या गैरसमजाशी निगडित आहे. अशा उपचारानंतर काही रुग्णांच्या हृदयाच्या आवरणाला दाह होतो, आणि तो बहुधा रुग्णालयात असताना होत नाही. घरी आल्यावर, सारे सुरळीत झाले असे वाटत असताना होतो. वेळीच ओळखला तर तो सहसा पूर्ण बरा होतो. न ओळखल्यास रुग्ण भलत्याच औषधांवर आठवडे काढतो आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कुटुंबांना याची माहिती असणे अधिक अगत्याचे का आहे, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

नळीचा प्रवास

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावी वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण यंत्रापुढे उभे राहून तिचे चित्र घेतले. त्या काळी हा वेडेपणा ठरला. पुढे आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही पद्धत निदानासाठी विकसित केली आणि १९५६ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागृत रुग्णाच्या हृदयधमनीत फुगा फुगवून पहिली अँजिओप्लास्टी केली. म्हणजे या ट्रस्टच्या वाटचालीला जेवढी वर्षे झाली, जवळजवळ तेवढेच या उपचाराचे वय आहे.

ज्या १९५६ साली नळीच्या शोधाचा गौरव झाला, त्याच वर्षी न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम ड्रेसलर यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हृदयविकाराच्या झटक्यातून सावरलेल्या काही रुग्णांना काही आठवड्यांनी ताप येतो, छातीत पुन्हा दुखू लागते आणि हृदयाच्या आवरणात पाणी साठते. पण हा नवा झटका नसतो. त्याच्या थोडे आधी, मायट्रल झडपेवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतही असाच उशिराचा ताप आढळला होता. तो सांधेवाताचा जुना ताप उलटला असावा, असे प्रथम वाटले. पुढे उमगले की मूळ आजार कोणताही असो, हृदयाला किंवा त्याच्या आवरणाला इजा झाली की काही रुग्णांचे शरीर अशीच प्रतिक्रिया देते. आज या साऱ्यांना मिळून ‘हृदय-इजेनंतरचा दाह’ या अर्थाचे एकच नाव आहे. पेसमेकर, अँजिओप्लास्टी, लयदोषावरील उपचार यांनंतर होणारा दाह याच कुळातला.

हृदयाचे आवरण आणि त्याचा कोप

हृदय एका दुपदरी पिशवीत असते. वैद्यकीय भाषेत तिला पेरिकार्डियम म्हणतात. मराठीत हृदयावरण म्हणता येईल. दोन्ही पदरांच्या मध्ये थोडासा द्रव असतो, साधारणतः तीन ते दहा चमचे. चाकाच्या आसाला वंगण असावे तसे त्याचे काम. त्यामुळे हृदय क्षणोक्षणी हलत असूनही ते घासत नाही.

नळीने केलेल्या उपचारात या आवरणाला धक्का लागण्याच्या वाटा अनेक आहेत. पेसमेकरची तार आत पक्की राहावी म्हणून तिच्या टोकाला बारीक मळसूत्र असते. हृदयाच्या वरच्या कप्प्याची भिंत पातळ असल्यामुळे हे टोक कधी कधी तिच्या पलीकडे किंचित डोकावते. अँजिओप्लास्टीची तार धमनीच्या सूक्ष्म फांदीला इजा करू शकते. लयदोषाच्या उपचारात दिलेली उष्णता भिंतीतून आवरणापर्यंत पोहोचते. मायट्रल झडप फुग्याने उघडताना हृदयाचा मधला पडदा सुईने भेदावा लागतो. या इजा बहुधा इतक्या सूक्ष्म असतात की त्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाहीत आणि त्यात डॉक्टरांची हलगर्जी असतेच असे नाही.

आवरणात रक्ताचा एखादा थेंब झिरपला किंवा पेशींना इजा झाली की एरवी आत दडलेले काही घटक शरीराच्या संरक्षणयंत्रणेसमोर येतात. संरक्षणयंत्रणा त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध सज्ज होते. या सज्जतेला वेळ लागतो. म्हणून उपचारानंतर लगेच काही न होता साधारणतः एका आठवड्यापासून सहा आठवड्यांपर्यंत, क्वचित काही महिन्यांनीही, दाह प्रकट होतो. घराला लागलेली आग विझली, पण पहारेकरी मात्र घरच्याच माणसांना चोर समजून काठी उगारू लागला, असा हा प्रकार आहे.

हा विकार सर्वांना होत नाही. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर विविध अभ्यासांत शंभरांपैकी दहा ते चाळीस रुग्णांत तो आढळला आहे. पेसमेकरनंतर हे प्रमाण शंभरात एक-दोन इतके, आणि अँजिओप्लास्टीनंतर त्याहूनही कमी आहे. झटक्यानंतर धमनी लवकर उघडली जाऊ लागल्यामुळे ड्रेसलर यांनी वर्णिलेला मूळ प्रकारही विरळ झाला आहे. परंतु विरळ असल्यामुळेच तो चटकन आठवत नाही, हीच खरी अडचण आहे.

दुखणे कसे ओळखावे

या दाहाचे दुखणे टोचल्यासारखे, तीक्ष्ण असते. दीर्घ श्वास घेताना, खोकताना आणि पाठीवर आडवे होताना ते वाढते. उठून बसले, किंचित पुढे वाकले की उतरते. रुग्ण रात्री उशांचा आधार घेऊन, गुडघ्यांवर हात टेकून बसून राहतो. दुखणे कधी डाव्या खांद्यात व मानेच्या कडेला जाते. सोबत बारीक ताप, थकवा आणि धाप असते.

स्टेंट बंद पडल्याचे किंवा नव्या झटक्याचे दुखणे याहून वेगळे असते. छातीवर धोंडा ठेवल्यासारखा दाब, दरदरून घाम, डावा हात किंवा जबडा यांत कळ, आणि श्वासाने अथवा कूस बदलल्याने न पडणारा फरक, ही त्याची लक्षणे. मात्र हा भेद माहितीसाठी आहे. निवाडा घरच्या माणसांनी करावयाचा नाही. उपचारानंतर छातीत दुखले तर पहिले काम एकच, त्वरित डॉक्टर गाठणे आणि ईसीजी काढणे. मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबणे, पित्त झाले असेल म्हणून सोडा घेणे, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

नांदेड-लातूरची विशेष अडचण

मराठवाड्याच्या या भागात वैद्यकीय सोयी वाढल्या आहेत, याबद्दल दुमत नाही. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून सेवा देत आहे. नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही हृदयाच्या उपचारासाठी अनेक कुटुंबे आजही हैदराबाद, सोलापूर, पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतात. उपचार तेथे होतो. परंतु उशिराचा ताप मात्र देगलूरला, उदगीरला, अहमदपूरला किंवा किनवटला येतो. ज्या डॉक्टरांनी नळी घातली ते शेकडो किलोमीटर दूर आणि ज्यांच्यापुढे रुग्ण उभा आहे त्यांना उपचाराची कल्पनाही नाही, अशी ही तुटलेली साखळी असते.

या साखळीत आणखी एक फट आहे. २ जुलै २०१२ रोजी राज्य शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत नांदेडचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली आणि लातूरलाही तिचा लाभ मिळू लागला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र शासनाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. या दोन निर्णयांमुळे ज्यांना हृदयोपचार स्वप्नवत होता अशा असंख्य घरांना तो आवाक्यात आला. योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाला घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी व औषधे अंतर्भूत करण्यात आली. रुग्णही साहजिकच दहाव्या दिवसाची तपासणी ही अखेरची समजतो. येथे वर्णिलेला दाह मात्र बहुधा त्यानंतरच येतो. कागदोपत्री उपचार पूर्ण झालेला असतो. शरीराचा हिशोब अद्याप बाकी असतो.

तिसरी अडचण स्थानिक आजारांची. पावसाळ्यात या भागात ताप आला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड ही नावे प्रथम पुढे येतात. २००६ सालची चिकुनगुन्याची साथ अनेकांच्या स्मरणात असेल. हृदयावरणात पाणी आढळले की क्षयरोगाची शंका येते, आणि आपल्या देशात ती घेणे चूक नव्हे. क्षय हे येथे या विकाराचे एक प्रमुख कारण आहे. प्रश्न असा की, रुग्णाने ‘तीन आठवड्यांपूर्वी पेसमेकर बसवला’ हे सांगितलेच नाही, तर डॉक्टरांपुढे एकच वाट उरते आणि सहा महिन्यांची क्षयाची औषधे विनाकारण सुरू होण्याची शक्यता असते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. उपचारानंतरचाच दाह असे गृहीत धरून स्टेरॉईड दिले आणि प्रत्यक्षात क्षय निघाला, तर तो भडकू शकतो. म्हणून दोन्ही शक्यता डॉक्टरांपुढे एकाच वेळी असाव्या लागतात, आणि त्यासाठी रुग्णाने दिलेली माहितीच उपयोगी पडते.

समजा, लातूरच्या मोंढ्यातील एका आडत व्यापाऱ्याला हैदराबादेत पेसमेकर बसवला. पंधराव्या दिवसापासून तो पेढीवर बसू लागला. विसाव्या दिवशी अंगात कणकण आली, आडवे पडले की छातीत टोचू लागले. घरच्यांनी गल्लीतील डॉक्टरांकडे नेले; फाईल कपाटात राहिली. प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला, दुसरा झाला, ताप उतरेना. बत्तिसाव्या दिवशी धाप लागून उठवेना, तेव्हा कोठे इकोची तपासणी झाली. या कल्पित उदाहरणात कोणाचाही दोष नाही. फक्त कपाटातील फाईल बारा दिवस उशिरा निघाली. प्रत्यक्षात हे बारा दिवस वाचवता येतात.

तपासण्या जिल्ह्यातच होतात

समाधानाची गोष्ट अशी की या विकाराच्या निदानासाठी बहुधा मुंबई गाठावी लागत नाही. डॉक्टर स्टेथोस्कोपने छाती तपासतात. दोन पदर घासल्याचा, नव्या कोऱ्या चामड्यासारखा करकर आवाज कधी कधी ऐकू येतो. ईसीजीत विशिष्ट बदल दिसू शकतात. रक्तातील सीआरपी हे प्रमाण वाढलेले असते. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवती पाणी दिसू शकते. आणि सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जिला सर्वजण इको म्हणतात. आवरणात पाणी आहे का, किती आहे, ते हृदयाला दाबत आहे का, हे ती काही मिनिटांत सांगते. या सर्व तपासण्या नांदेड व लातूर शहरांत उपलब्ध आहेत.

युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली निदानाची सोपी कसोटी दिली आहे. दुसरे कारण नसलेला ताप, या प्रकारचे छातीतील दुखणे, घासल्याचा आवाज, हृदयावरणातील पाणी, आणि वाढलेल्या सीआरपीसह फुप्फुसाभोवतीचे पाणी, या पाचांपैकी किमान दोन गोष्टी हृदयाच्या इजेनंतर आढळल्या, तर हे निदान करावे. नळीने केलेल्या उपचारांनाही डॉक्टर हीच कसोटी लावतात.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. उपचारानंतरचा प्रत्येक ताप दाहाचाच असतो असे नाही. तो जंतुसंसर्गाचाही असू शकतो. पेसमेकरच्या जागी लाली, सूज, पाणी किंवा पू दिसला, थंडी वाजून ताप आला, तर संसर्गाची दाट शंका घ्यावी. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णात तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेणे मोलाचे ठरते. आधीच औषध दिले तर जंतू लपतो आणि निदान निसटते. लयदोषाच्या नळी-उपचारानंतर काही आठवड्यांनी ताप, गिळताना त्रास, बोलण्यात किंवा हालचालीत बिघाड झाल्यास ती अतिदुर्मिळ पण प्राणघातक गुंतागुंत असू शकते. हृदय आणि अन्ननलिका यांच्यामध्ये वाट पडलेली असते. अशा रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी करणे धोक्याचे ठरते. आधी छातीचा सीटी स्कॅन करावा लागतो. म्हणून ज्या केंद्रात उपचार झाला तेथे तत्काळ संपर्क साधणे हिताचे.

उपचार: जुने औषध, नवा उपयोग

दाह निश्चित झाला की उपचार सहसा साधा असतो. विश्रांती, दाह कमी करणारे औषध आणि त्याच्या जोडीला कोल्चिसिन. झटका येऊन गेलेल्या रुग्णात डॉक्टर ॲस्पिरिनला प्राधान्य देतात. इतर वेदनाशामके हृदयाला व मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. स्टेरॉईड हे पुढच्या पायरीचे औषध आहे. त्याने आराम लवकर पडतो, पण ते घाईने दिले किंवा एकदम थांबवले तर दाह पुन्हा उलटण्याचा संभव असतो.

कोल्चिसिनची कथा मनोरंजक आहे. गाऊट या सांधेदुखीवर ते शतकानुशतके वापरात होते. १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते वनस्पतीतून वेगळे केले. हेच द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते. पावसाळ्यात माळरानाच्या कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन चढणारी ही वेल अनेकांनी पाहिली असेल. तमिळनाडूत औषधनिर्मितीसाठी तिची लागवड होते. पण कळलावी जहाल विषारी आहे. औषधाची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजावी लागते आणि विषाची रेषा तिथून फार दूर नसते. म्हणून कोणीही या वेलीचा कंद औषध म्हणून वापरण्याचा विचारही मनात आणू नये.

इटलीतील डॉ. मासिमो इमाझिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाचा हृदयावरणाच्या दाहासाठी पद्धतशीर अभ्यास केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हृदयशस्त्रक्रिया झालेले ३६० रुग्ण होते. नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी २१.१ टक्के रुग्णांना वर्षभरात हा दाह झाला, तर कोल्चिसिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.९ टक्के राहिले. २०१३ सालच्या २४० रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात, हृदयावरणाचा दाह न शमण्याचे किंवा पुन्हा उलटण्याचे प्रमाण ३७.५ वरून १६.७ टक्क्यांवर आले. हे अभ्यास शस्त्रक्रियेच्या व इतर दाहाच्या रुग्णांवरचे आहेत. नळीच्या उपचारानंतरच्या दाहात डॉक्टर त्यांचाच आधार घेतात. मात्र याचा अर्थ प्रत्येक हृदयरुग्णाने ही गोळी घ्यावी असा नाही. झटक्यानंतर सरसकट कोल्चिसिन दिल्याने लाभ होतो का, हे पाहणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २०२४ साली तसा लाभ दिसला नाही.

या औषधाबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जुलाब लागले तर ती मात्रा अधिक होत असल्याची खूण असू शकते. डॉक्टरांना त्वरित कळवावे. दुसरी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्रा कमी करावी लागते अथवा औषध टाळावे लागते. तिसरी, क्लॅरिथ्रोमायसिनसारखे सर्रास दिले जाणारे प्रतिजैविक त्यासोबत घेतल्यास कोल्चिसिन रक्तात साचून विषबाधा होऊ शकते. म्हणून खोकल्या-तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास चालू गोळ्यांची यादी दाखवलीच पाहिजे.

आणखी एक इशारा ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा आहे. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या ताप किंवा दुखणे आले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाण्याचा धोका असतो. आवरणात पाणी साठले असताना त्या चालू ठेवायच्या की बदलायच्या, हा निर्णय केवळ हृदयरोगतज्ज्ञाचा.

उपवास आणि औषधे

आपल्या समाजात हा प्रश्न टाळून चालणार नाही. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात अनेक ज्येष्ठ उपवास करतात. चौविहाराचा नियम तर कित्येक घरांत नित्याचा आहे. उपचारानंतरच्या सहा आठवड्यांत निर्जल उपवास केल्यास शरीरातील पाणी घटते, मूत्रपिंडावर ताण पडतो आणि कोल्चिसिन व वेदनाशामके अधिक अपायकारक ठरू शकतात. हृदयावरणात पाणी साठलेले असताना तर शरीर कोरडे पडणे विशेष घातक. उपाशीपोटी ॲस्पिरिनने जठराला इजा होण्याचा धोकाही वाढतो.

यातून वाट काढता येते. दिवसातून दोनदा घ्यावयाच्या पुष्कळ गोळ्या सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. मात्र वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच आखून घ्यावे, रात्रीची गोळी परस्पर गाळू नये. पच्चक्खाणात आगार असतात हे श्रावक जाणतातच. आजारपणात तपाचे स्वरूप कसे असावे, याबाबत गुरुमहाराजांचे मार्गदर्शन आणि डॉक्टरांचा सल्ला दोन्ही घ्यावेत. डॉक्टरांपासून उपवास लपवणे मात्र कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

धोक्याच्या खुणा

आवरणात पाणी वेगाने साठले तर ते हृदयालाच आवळू लागते. ते फुलू शकत नाही, म्हणून भरू शकत नाही, म्हणून रक्त पुढे ढकलू शकत नाही. वाढती धाप, आडवे न होता येणे, भोवळ, थंड घाम, रक्तदाब घसरणे, मानेच्या शिरा फुगणे, लघवी कमी होणे, या त्याच्या खुणा आहेत. अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इकोची सोय असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात रुग्णाला न्यावे. मूळ रुग्णालयातच जायचे, या हट्टापायी नांदेडहून हैदराबादचा पाच-सहा तासांचा प्रवास सुरू करू नये. सुईने पाणी काढले की हृदय मोकळे होते. मूळ डॉक्टरांशी बोलणे त्यानंतरही होऊ शकते.

समाजाने काय करावे

रुग्णाला आर्थिक साहाय्य देणे, रक्ताची सोय करणे, परगावी उतरण्याची व्यवस्था करणे, ही कामे समाजाच्या संस्था वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. त्यांत एका अल्पखर्चिक कामाची भर घालता येईल. हृदयोपचारासाठी मदत घेतलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी आणि उपचारानंतर पंधराव्या, तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी एका कार्यकर्त्याने त्याला फोन करावा. प्रश्न चारच: ताप आहे का, छातीत दुखते का, धाप लागते का, गोळ्या नियमित चालू आहेत का. पहिल्या तिघांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, किंवा शेवटच्याचे ‘नाही’ आले, तर त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. कार्यकर्त्याने औषध मात्र सुचवू नये.

कुटुंबाने करावयाचे कामही मोठे नाही. सुट्टीचा कागद, पेसमेकर किंवा स्टेंटचे कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत ठेवावी. ती कपाटात नव्हे, दाराजवळ असावी. त्यांची छायाचित्रे घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये असावीत. रुग्णालय सोडताना डॉक्टरांना विचारावे की ताप आला तर कोणत्या क्रमांकावर बोलावे आणि पुन्हा इको कधी करावा. गावच्या डॉक्टरांकडे गेल्यावर आजाराचे वर्णन करण्यापूर्वी पहिले वाक्य उच्चारावे, ‘इतक्या दिवसांपूर्वी हृदयावर अमुक उपचार झाला आहे.’ या एका वाक्यामुळे डॉक्टरांच्या विचाराची दिशा बदलते.

मनगटावरची जखम चार दिवसांत भरून येते आणि आठवड्यात तिची खूणही नाहीशी होते. हृदयाला सावरायला त्याहून अधिक वेळ लागतो. उपचाराची तारीख घरातील कॅलेंडरवर लिहावी, तिथून बेचाळीस दिवस मोजावेत आणि तोवर रुग्णावर घरातल्या कोणाची तरी नजर असावी. आलेला ताप अंगावर काढला नाही, तर या विकाराचा बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ववत कामाला लागतो. हे ज्ञान घरोघरी पोहोचावे, हीच या व्याख्यानामागील अपेक्षा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. जय जिनेंद्र.